इंडियागेम्सचा उदयास्त

अमेरिकेतील वॉल्ट डिस्ने कंपनीने २०१६ मध्ये भारतातील आपला व्हिडीओ गेम विभाग गुंडाळला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'मोहेंजोदारो' हा चित्रपट पडला आणि पाठोपाठ डिस्नेने हिंदी चित्रपटांच्या निर्मितीतूनही अंग काढून घेतले. चर्चा झाली ती चित्रपटांची. गेम विभागाची बातमी त्या गदारोळात मागे पडली. वास्तविक जो विभाग बंद झाला तो परदेशी कंपनीची केवळ एक शाखा नव्हता. त्याच्या मुळाशी मुंबईत १९९९ मध्ये जन्मलेली 'इंडियागेम्स' ही कंपनी होती. भारतात मोबाइलवरील खेळांचा व्यवसाय उभा राहू शकतो, हे ज्यांनी प्रथम दाखवून दिले त्यांत तिचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

सतरा वर्षांच्या आयुष्यात या कंपनीचा ताबा आधी चिनी, मग भारतीय व शेवटी अमेरिकी कंपनीकडे गेला. प्रत्येक हस्तांतराच्या वेळी तिची किंमत वाढली, निदान तशी चर्चा तरी झाली. मात्र या सगळ्या प्रवासात तिच्या हाती स्वतःच्या मालकीचे, जगाला नावानिशी ओळखता येईल असे एकही पात्र आले नाही. तिच्या शेवटाचे कारण शोधताना याच ठिकाणी थांबावे लागते.

कारगिलच्या वर्षात

इंडियागेम्सचे संस्थापक विशाल गोंडल हे मुंबईचे. शालेय वयापासून संगणकावर खेळ लिहिण्याचा त्यांना नाद होता. सोळाव्या वर्षीच त्यांनी संगणकीय जाहिराती आणि परस्परसंवादी खेळ तयार करून देणारा छोटा व्यवसाय सुरू केला. तो काळ नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धाचा. इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले व्हायचे होते. ते ऑगस्ट १९९५ मध्ये विदेश संचार निगमाने खुले केले, तेव्हाही दूरध्वनीच्या तारेवरून होणारी जोडणी संथ आणि महाग होती.

१९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलचे युद्ध सुरू झाले. त्या वातावरणात गोंडल यांनी युद्धावर आधारलेला 'आय लव्ह इंडिया' हा खेळ तयार केला. खेळ अगदी साधा होता. पण देशभर एकच विषय असताना तो लोकांच्या हाती पडला आणि त्याला प्रतिसाद मिळाला. गेम हे माध्यम वर्तमानपत्राइतक्याच तत्परतेने लोकभावनेला भिडू शकते, हा धडा या प्रयोगातून मिळाला. त्याच वर्षी 'इंडियागेम्स' अस्तित्वात आली. डॉटकॉमची लाट तेव्हा ऐन भरात होती. साहस भांडवल पुरवणारे देशी गुंतवणूकदार नव्या संकेतस्थळांच्या शोधात होते आणि त्यांच्यापैकी काहींचे पैसे या कंपनीतही आले.

योगायोग असा की, परभणीचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा झाला तो याच वर्षी, १ मे १९९९ रोजी. मुंबईतल्या एका कंपनीचा आणि मराठवाड्यातल्या नव्या जिल्ह्याचा एकमेकांशी तसा संबंध नाही. परंतु हिंगोलीसारख्या गावांपर्यंत मोबाइल पोहोचला, पण गेमचे पैसे मात्र तेथून कंपनीपर्यंत का पोहोचले नाहीत, हा प्रश्न या कथेत पुढे येतो.

चौसष्ट किलोबाइटची कारागिरी

डॉटकॉमचा फुगा २००० मध्ये फुटला. केवळ संकेतस्थळावर खेळ ठेवून जाहिरातींवर जगू पाहणाऱ्या अनेक कंपन्या त्यात बुडाल्या. इंडियागेम्स वाचली ती मोबाइलमुळे. नोकियाच्या संचावरील 'स्नेक' या खेळाने १९९७ पासून लोकांना बोटे चालवायची सवय लावलीच होती. पुढे रंगीत पडद्याचे आणि 'जावा' हे तंत्रज्ञान चालू शकणारे संच आले. संचात मुळात नसलेला खेळ नंतर उतरवून घेण्याची सोय त्यामुळे झाली. याचा अर्थ, खेळ विकण्याचीही सोय झाली.

रिलायन्स इन्फोकॉमने जुलै २००३ मध्ये 'मान्सून हंगामा' ही ५०१ रुपयांची योजना आणली आणि मोबाइल एकाएकी मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आला. ऑक्टोबर २००४ मध्ये देशातील मोबाइलधारकांची संख्या घरगुती दूरध्वनीधारकांच्या पुढे गेली. बाजारपेठ डोळ्यांदेखत वाढत होती.

त्या काळातले गेम बनवणे ही आजच्या तुलनेत अगदी वेगळी कारागिरी होती. नोकियाच्या सुरुवातीच्या अनेक जावा संचांवर संपूर्ण खेळ ६४ किलोबाइटमध्ये बसवावा लागे. आज मोबाइलवर काढलेले एक साधे छायाचित्र त्याहून कितीतरी पट मोठे असते. पडदा १२८ बिंदू रुंद आणि तेवढाच उंच. एवढ्या जागेत नायक, शत्रू, पार्श्वभूमी, आवाज आणि गुणसंख्या सगळे बसवायचे. चित्रकाराला चेहरा काढायला मोजके ठिपके मिळत आणि त्या ठिपक्यांतून माणूस ओळखू यावा लागे. शिवाय प्रत्येक संचाचा पडदा वेगळा, कळा वेगळ्या, स्मृती वेगळी. एकच खेळ शेकडो संचांसाठी पुन्हा पुन्हा बेतून द्यावा लागे. या कामाला व्यवसायात 'पोर्टिंग' म्हणत. ते किचकट, कंटाळवाणे आणि मनुष्यबळ खाणारे होते. मुंबईत कुशल मनुष्यबळ तुलनेने स्वस्त असल्याने हे काम येथे परवडत असे.

गेम निर्मितीचे पद्धतशीर शिक्षण देणाऱ्या संस्था तेव्हा जवळपास नव्हत्या. कोणी जाहिरात क्षेत्रातून आला, कोणी अ‍ॅनिमेशनमधून, कोणी संगणक अभियांत्रिकी करून. स्टुडिओ हीच त्यांची शाळा झाली. कंपनीच्या ताळेबंदात दिसत नसलेली ही तिची सर्वांत मोठी कमाई म्हणता येईल.

कंपनीने ब्रूस ली, स्पायडर-मॅन, गारफील्ड अशा परदेशी पात्रांचे परवाने घेऊन मोबाइल गेम तयार केले. ब्रूस लीच्या नावाचे खेळ तर देशाबाहेरच्या मोबाइल कंपन्यांमार्फतही विकले गेले. मुंबईत बसून जगप्रसिद्ध पात्रांवर काम करणे ही त्या वेळी अप्रूपाची गोष्ट होती. पण परवाना म्हणजे भाड्याचे घर. भाडे आधी द्यायचे, घर सजवायचे, मुदत संपली की बाहेर पडायचे. त्याच १९९९ मध्ये फ्रान्समध्ये स्थापन झालेल्या 'गेमलॉफ्ट' कंपनीनेही परवान्यांवर भरपूर धंदा केला. मात्र जोडीला २००४ पासून 'अ‍ॅस्फाल्ट' ही मोटारशर्यतीची स्वतःची मालिका तिने उभी केली आणि ती वर्षानुवर्षे जोपासली. डिस्नेने भारतातील गेम विभाग बंद केला त्याच २०१६ मध्ये विवेंडी या फ्रेंच उद्योगसमूहाने गेमलॉफ्टचा ताबा घेतला. गेमलॉफ्टही स्वतंत्र राहिली नाही, पण तिचे नाव आणि तिची मालिका टिकली.

मधला दलाल

इंडियागेम्सने मूळ पात्रे का घडवली नाहीत, याचे उत्तर केवळ कल्पनादारिद्र्यात शोधणे अन्यायाचे ठरेल. त्या काळात भारतात गेम विकण्याचा मार्ग एकच होता. तो मोबाइल सेवा कंपन्यांच्या संकेतस्थळांतून, म्हणजे 'वॅप पोर्टल'मधून जात असे. गेम पन्नास ते शंभर रुपयांच्या आसपास विकला जाई आणि पैसे ग्राहकाच्या मोबाइल खात्यातून वळते होत. त्यातला मोठा वाटा सेवा कंपनी स्वतःकडे ठेवी. उरलेल्यातून परवान्याचे मानधन द्यायचे, पोर्टिंगचा खर्च भागवायचा आणि मग जे राहील ते स्टुडिओचे.

सेवा कंपनीच्या पोर्टलवर पहिल्या पडद्यावर चार-पाच खेळांचीच नावे दिसत. लहानशा पडद्यावर खाली सरकत जाऊन शोधण्याची तसदी ग्राहक घेत नसे. त्यामुळे त्या चार-पाच नावांत जागा मिळवणे हाच खरा धंदा होता. अशा जागी अनोळखी नायकापेक्षा स्पायडर-मॅन किंवा नुकताच प्रदर्शित झालेला हिंदी चित्रपट केव्हाही सरस. खेळ कसा आहे हे विकत घेण्यापूर्वी कळण्याची सोयच नव्हती. नावावर विक्री होई. चांगला खेळ बनवल्याचे बक्षीस बाजार देत नव्हता, ओळखीचे नाव मिळवल्याचे देत होता.

आणि हिंगोलीचे काय? जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावांत मोबाइल झपाट्याने पोहोचला तो प्रीपेड कार्डावर. दहा-वीस रुपयांचे रिचार्ज करणाऱ्या ग्राहकाने पन्नास रुपयांचा गेम घ्यावा, ही अपेक्षाच अवास्तव होती. त्याऐवजी रिचार्जच्या दुकानातच गाणी, चित्रफिती आणि जावा गेम मेमरी कार्डात 'भरून' मिळत. दहा-वीस रुपयांत अख्खे कार्ड. बसस्थानकासमोरच्या अशा दुकानांनी महाराष्ट्राच्या निमशहरी भागाला मोबाइलवर खेळायला शिकवले, हे कायद्याच्या दृष्टीने अडचणीचे असले तरी वस्तुस्थिती आहे. त्या व्यवहारातला एक पैसाही मूळ निर्मात्याला मिळाला नाही. खेळाडूंची संख्या आणि गिऱ्हाइकांची संख्या यांतली ही दरी भारतीय गेम उद्योगाला पुढेही कधी पूर्णपणे बुजवता आली नाही.

चीनहून आलेले भांडवल

डिसेंबर २००४ मध्ये 'टॉम ऑनलाइन' या चिनी कंपनीने इंडियागेम्समधील ८०.६ टक्के हिस्सा घेण्याचा करार जाहीर केला. व्यवहाराची रक्कम सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलर होती. तेव्हाच्या विनिमय दराने हे पाऊणशे कोटी रुपयांच्या पुढे जाते. टॉम ऑनलाइन ही हाँगकाँगचे उद्योगपती ली का-शिंग यांच्या समूहाशी संबंधित कंपनी. चीनमध्ये मोबाइलवरील मूल्यवर्धित सेवा विकून तिने पैसा कमावला होता आणि भारत हा तसाच दुसरा चीन ठरेल, असा तिचा हिशेब होता. भारतातील एखादी गेम कंपनी चिनी कंपनीने विकत घ्यावी, ही त्या काळी नवलाईची बातमी होती. आजच्या राजकीय वातावरणात असा व्यवहार किती अवघड ठरेल, हे वेगळे सांगायला नको.

लगोलग २००५ मध्ये सिस्को आणि मॅक्रोमीडिया या दोन अमेरिकी कंपन्यांनीही इंडियागेम्समध्ये लहान हिस्से घेतले. मॅक्रोमीडियाला तिचे 'फ्लॅश' तंत्रज्ञान मोबाइलवर रुजवायचे होते, तर सिस्कोचा रस ब्रॉडबँड जाळ्यांत होता. गुंतवणूकदारांची ही यादी पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. त्यांच्यापैकी मुळात गेम बनवणारे कोणीच नव्हते. प्रत्येकाला गेम हवे होते ते स्वतःचे दुसरे काहीतरी विकण्यासाठी.

पुढे कंपनीने ब्रॉडबँड ग्राहकांसाठी 'गेम्स ऑन डिमांड' ही सेवा आणली. संगणकावरील महागडे खेळ विकत घेण्याऐवजी ठरावीक मासिक शुल्क भरायचे आणि यादीतले हवे ते खेळायचे, अशी ती योजना. शुल्क इंटरनेटच्या बिलातच जोडले जाई. चित्रवाणी मालिका आणि गाण्यांच्या बाबतीत ही पद्धत जगभर रूढ व्हायला आणखी काही वर्षे लागणार होती. कल्पना काळाच्या पुढची होती, पण ब्रॉडबँडचा वेग आणि डेटाची मर्यादा काळाच्या बरोबरीचीच होती. मोठा खेळ उतरवून घेता घेता महिन्याचा कोटा संपण्याचे ते दिवस.

यूटीव्हीची महत्त्वाकांक्षा

२००७ मध्ये रॉनी स्क्रूवाला यांच्या यूटीव्ही समूहाने इंडियागेम्समधील बहुसंख्य हिस्सा घेतला आणि कंपनी पुन्हा भारतीय नियंत्रणाखाली आली. चित्रपट, वाहिन्या आणि गेम एका छताखाली आणायचे, एकाच कथेतून तिन्ही ठिकाणी पैसे मिळवायचे, असे हे गणित होते. कागदावर ते चोख दिसते. हॉलीवूडमध्येही त्याच गणिताने अनेकांना भुरळ घातली होती.

त्याच वर्षी यूटीव्हीने ब्रिटनमधील 'इग्निशन एंटरटेनमेंट' या कंपनीतही ७० टक्के हिस्सा घेतला. इंडियागेम्सने मोबाइलकडे पाहायचे आणि इग्निशनने प्लेस्टेशन व एक्सबॉक्सवरील मोठ्या खेळांकडे, अशी ही विभागणी होती. मोठ्या संचांवरील खेळाला तीन-चार वर्षे लागतात, पैसा कोटींनी जातो आणि यशाची हमी नसते. २००८ च्या जागतिक मंदीने हा जुगार आणखी अवघड केला. इग्निशनचे लंडन आणि फ्लोरिडा येथील स्टुडिओ २०१० च्या सुमारास बंद पडले. तेथील महत्त्वाकांक्षी प्रकल्प बाजारात आलेच नाहीत. टोकियोच्या चमूने मात्र 'एल शद्दाई' हा खेळ २०११ मध्ये पूर्ण केला. त्यातील चित्रशैलीचे समीक्षकांनी कौतुक केले. एका भारतीय समूहाच्या पैशातून जपानमध्ये निर्माण झालेली ही कलाकृती भारतात फारशी कोणाला ठाऊकही नाही.

मुंबईतल्या चमूच्या वाट्याला या काळात क्रिकेट आणि हिंदी चित्रपट आले. २००७ मधला टी-ट्वेंटी विश्वचषक आणि २००८ पासूनची आयपीएल यांनी मोबाइल क्रिकेटला हक्काचा हंगाम मिळवून दिला. पुढे स्पर्शपडद्याच्या संचांसाठी आलेला 'क्रिकेट टी-२० फीवर' त्याच परंपरेतला. २०११ च्या दिवाळीत 'रा.वन' चित्रपट आला, तेव्हा मोबाइलवरचा 'रा.वन जेनेसिस' इंडियागेम्सने केला. त्याच चित्रपटाचा प्लेस्टेशनवरील खेळ मुंबईच्याच 'ट्राइन' या स्टुडिओने बनवला होता. चित्रपटावरून बेतलेल्या खेळाचे आयुष्य चित्रपटाएवढेच. पोस्टर उतरले की खेळही उतरला. तारीख निर्मात्याने ठरवलेली असल्याने स्टुडिओला घाईघाईत काम हातावेगळे करावे लागे आणि त्याचे प्रतिबिंब दर्जात पडे.

डिस्नेच्या छत्राखाली

यूटीव्हीत डिस्नेचे पाऊल २००६ मध्येच पडले होते. २००८ मध्ये तिचा हिस्सा ३२ टक्क्यांच्या घरात गेला. २०११ मध्ये इंडियागेम्स आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये यूटीव्ही पूर्णपणे डिस्नेच्या ताब्यात गेली. गोंडल यांच्याकडे डिस्ने-यूटीव्हीच्या डिजिटल विभागाची सूत्रे आली. भारतीय उद्योजकाने उभारलेली गेम कंपनी डिस्नेसारख्या बड्या कंपनीने घ्यावी, याचे तेव्हा सर्वत्र कौतुक झाले आणि ते गैरही नव्हते.

परंतु ज्या पायावर कंपनी उभी होती तो याच सुमारास खचू लागला होता. ग्राहकाच्या नकळत सुरू होणाऱ्या मूल्यवर्धित सेवांबद्दलच्या तक्रारी वाढल्याने दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, जुलै २०११ मध्ये निर्देश काढून ग्राहकाची स्पष्ट संमती बंधनकारक केली. जुलै २०१३ मध्ये नियम आणखी कडक झाले. पन्नास रुपये का गेले म्हणून हैराण होणाऱ्या ग्राहकाच्या दृष्टीने हे निर्णय योग्यच होते. गेम कंपन्यांना मात्र त्यांचा फटका बसला. बाजारातल्या उलाढालीचा काही भाग ग्राहकाच्या अनवधानावर उभा होता, हे यातून उघड झाले. त्याची झळ प्रामाणिकपणे गेम विकणाऱ्यांनाही सोसावी लागली.

दुसरीकडे आयफोन आणि अँड्रॉइड यांनी दुकानाची मांडणीच बदलली. डिसेंबर २००९ मध्ये फिनलंडच्या 'अँग्री बर्ड्स'ने आणि २०१२ मध्ये 'कँडी क्रश'ने दाखवून दिले की, अनोळखी पात्रही केवळ खेळाच्या गुणांवर जग जिंकू शकते. खेळ फुकट द्यायचा आणि आतल्या वस्तू विकायच्या, ही पद्धत आली. भारतीय खेळाडूंकडे क्रेडिट कार्ड क्वचितच असे, त्यामुळे येथे आतल्या वस्तू विकल्या जात नव्हत्या. गुगलने भारतातील किमान किंमत १० रुपयांवर आणली ती २०१५ मध्ये. मधली वर्षे जाहिरातींच्या तुटपुंज्या उत्पन्नावर काढावी लागली. ज्या क्षणी मूळ पात्रांना बाजार खुला झाला, नेमक्या त्याच क्षणी इंडियागेम्स स्वतःची पात्रे जपण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीच्या पोटात गेली होती. २०१३ मध्ये 'चेन्नई एक्स्प्रेस'वरचा मोबाइल गेम आला तो डिस्ने-यूटीव्हीच्या नावाने. 'इंडियागेम्स' हे नाव मागे पडत चालले होते.

त्याच वर्षी गोंडल यांनी डिस्ने सोडली आणि पुढे 'गोकी' ही आरोग्य व व्यायामविषयक कंपनी काढली. इंडियागेम्सचे मुख्य कार्य अधिकारी राहिलेले आणि पुढे डिजिटल विभागाची धुरा सांभाळणारे समीर बंगारा हेही बाहेर पडून 'क्यूकी' या माध्यम कंपनीच्या उभारणीत गुंतले. जून २०२० मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर मोटारसायकल अपघातात बंगारा यांचे निधन झाले.

कॅलिफोर्नियातला निर्णय

१० मे २०१६ रोजी डिस्नेने आपला सर्वांत मोठा गेम प्रकल्प 'डिस्ने इन्फिनिटी' बंद करत असल्याचे जाहीर केले. यापुढे स्वतः गेम काढायचे नाहीत, पात्रांचे परवाने इतरांना द्यायचे, असे धोरण ठरले. १४ कोटी ७० लाख डॉलरचा बोजा कंपनीने सोसला आणि अमेरिकेतील 'अ‍ॅव्हलांच' स्टुडिओतील सुमारे ३०० जणांच्या नोकऱ्या गेल्या. जागतिक धोरणच असे ठरल्यावर मुंबईतल्या विभागाला वेगळा न्याय मिळणे कठीण होते. त्याच वर्षात भारतातील गेम निर्मितीही थांबली.

येथे एक तपशील नोंदवण्यासारखा आहे. अ‍ॅव्हलांच स्टुडिओ बंद झाल्यावर आठ-नऊ महिन्यांतच वॉर्नर ब्रदर्सने तो घेऊन पुन्हा सुरू केला आणि त्याच स्टुडिओने २०२३ मध्ये 'हॉगवर्ट्स लेगसी' हा प्रचंड खपाचा खेळ दिला. मुंबईतल्या चमूच्या बाबतीत असे घडले नाही. मोठ्या खेळाचा अनुभव असलेला एकसंध चमू ही विकत घेण्याजोगी मालमत्ता असते, हे तिकडच्या बाजाराला ठाऊक होते. आपल्याकडे माणसे एकेकटी पांगली.

काळाचा विनोद असा की, ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली आणि डेटा जवळपास फुकट झाला. त्याच वर्षी यूपीआय आले. स्वस्त डेटा आणि सुलभ देयक व्यवस्था या ज्या दोन गोष्टींअभावी इंडियागेम्सने दीड दशक खस्ता खाल्ल्या, त्या दोन्ही ती मिटली त्याच वर्षी अवतरल्या. २०१८ मध्ये 'पबजी' खेडोपाडी पोहोचला. हिंगोलीतल्या मुलाला आता बसस्थानकासमोरच्या दुकानात जाण्याची गरज उरली नाही. पण तो जे खेळत होता ते दक्षिण कोरिया आणि चीनमधून आलेले होते. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली, तेव्हा त्याच्या जागी ठेवता येईल असा भारतीय खेळ तयार नव्हता. गोंडल यांचा सहभाग असलेल्या बंगळुरूच्या 'एनकोअर'ने 'फौजी' हा खेळ घाईने जाहीर केला. तो २६ जानेवारी २०२१ रोजी आला. आरंभीचा उत्साह मात्र टिकला नाही.

इतरांचे काय झाले

याच पिढीतल्या बंगळुरूच्या 'ध्रुव इंटरॅक्टिव्ह'ने वेगळा रस्ता धरला होता. १९९७ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने परदेशी स्टुडिओंना चित्रे आणि त्रिमितीय प्रतिकृती करून देण्यावर भर दिला. ती स्वीडनच्या 'स्टारब्रीझ'कडे आणि तेथून २०१९ मध्ये 'रॉकस्टार'कडे गेली. नाव गेले, पण काम आणि माणसे राहिली. हैदराबादच्या 'एफएक्सलॅब्स'ने 'गजनी' चित्रपटावर संगणकाचा खेळ करून नाव कमावले, पण ती कंपनीही तग धरू शकली नाही. पुण्यात युबीसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या पुनर्निर्मितीचे मोठे काम २०२० मध्ये पुणे आणि मुंबईच्या चमूंच्या नावे जाहीर झाले. परंतु मे २०२२ मध्ये ते माँट्रियलकडे वळवण्यात आले.

स्वतःच्या कथेवर स्वतःच्या मालकीचा खेळ उभारण्याचे धाडस पुण्याच्याच 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या स्टुडिओने केले. लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न २०१७ मध्ये फसला. संस्थापकांपैकी एकीने राहता फ्लॅट विकून काम चालू ठेवले. 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातील सर्वोत्कृष्ट खेळाच्या गटात त्याला नामांकन मिळाले. इंडियागेम्सला मिळालेल्या भांडवलाच्या तुलनेत हा खर्च किरकोळ म्हणावा लागेल.

दरम्यान, 'गेमिंग' या शब्दाचा भारतातला अर्थच बदलला. पैसे लावून खेळायचे पत्ते आणि काल्पनिक क्रिकेट संघ यांनाच 'गेमिंग उद्योग' म्हटले जाऊ लागले आणि गुंतवणूकही तिकडेच वळली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. पाठोपाठ सप्टेंबरमध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन, दृश्य परिणाम, गेम आणि कॉमिक्स या क्षेत्रांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. त्यात २०५० पर्यंतचा विचार असून ३,२६८ कोटी रुपयांची तरतूद सुचवलेली आहे.

इंडियागेम्सने केलेले जावा गेम आज खेळून पाहणे मात्र जवळपास अशक्य झाले आहे. सेवा कंपन्यांची वॅप पोर्टल कधीच बंद झाली, ते संच भंगारात गेले आणि परवान्यांची मुदत संपली. चित्रपटांच्या रिळांसाठी पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. खेळांसाठी तशी वेगळी राष्ट्रीय संस्था उभी राहिलेली नाही. जे काही शिल्लक असेल ते कोणाच्या तरी जुन्या मेमरी कार्डात, दहा-वीस रुपयांत भरून घेतलेले.